चव्वेचाळीसच्या पुढचं माप

दिवाळीच्या तोंडावर दादरच्या हिंदमाता मार्केटमध्ये शिरलं की दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला काही विचारण्याआधीच कामाला लागतो. एक नजर टाकतो आणि कुठल्या कपाटाकडे हात न्यायचा ते ठरवतो. त्या एका नजरेत दोन गोष्टींचा निकाल लागतो: लेडीज की जेन्ट्स, आणि आपल्याकडे याच्या मापाचं आहे की नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे दोन्ही अंदाज बरोबर येतात, म्हणून ते ध्यानातही राहत नाहीत.

संपादकांनी अंकाचा विषय कळवला, ‘नवे कपडे’. त्याच सुमारास डोंबिवलीचा एक ट्रान्सपुरुष मला म्हणाला होता, “ताई, मला दुकानात दोनदा लाज वाटते. एकदा मी कोण ते सांगताना, आणि मग माप सांगताना.” मग या लेखासाठी मी अशाच लोकांबरोबर फिरले. अंगाने मोठे, आणि ट्रान्स किंवा क्विअर. शिंप्यांकडे बसले, अंतर्वस्त्रांच्या दुकानांत गेले, कासाराकडे गेले. कुणाचंही नाव इथे छापायचं नाही असं आधीच ठरलं होतं. काहींच्या घरी माहीत आहे, काहींच्या नाही. ‘जाड’ हा शब्द मात्र त्यांचाच आहे. ‘हेल्दी’, ‘तब्येतीने बरा’ वगैरे सौम्य शब्दांचा त्यांना कंटाळा आलाय.

खांदा सोळा, छाती सेहेचाळीस

डोंबिवलीच्या या तरुणाची उंची पाच फूट एक इंच, खांदा सोळा इंच, छाती सेहेचाळीस. दुकानात ४४ नंबरचा पुरुषी शर्ट घातला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते, बाही बोटांच्या टोकांपर्यंत येते, आणि एवढं होऊनही छातीवरचं बटण लागत नाही, नितंबावर शर्ट अडकतो तो वेगळाच. त्यापुढचं माप काढायला सांगितलं तर निम्म्या दुकानांत ते नसतं. जिथे असतं तिथे खांदा आणखी खाली येतो.

याचं कारण तयार कपडे बनतात त्या पद्धतीत आहे. कारखान्यात आधी एका मधल्या मापाचा साचा पक्का करतात आणि मग तो ठरावीक हिशेबाने लहानमोठा करत इतर मापं काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. छाती वाढवली की खांदा, गळा, मुंढा, बाही हेही थोडं थोडं वाढत जातं. त्यामुळे सेहेचाळीस छातीचा शर्ट ज्याच्यासाठी कापलेला असतो, तो माणूस कारखान्याच्या डोळ्यांपुढे उंच आणि रुंद खांद्याचा असतो. मुळात साचाच एकतर पुरुषाचा असतो नाहीतर बाईचा. पुरुषाच्या साच्यात कापड खांद्यापासून सरळ खाली येतं. बाईच्या साच्यात छातीला टक्स, कंबरेला आत, खाली घेर. जाडी त्यावर नंतर चढवलेली असते. बाजारात जाड पुरुष म्हणून उभं राहायचं तर आधी त्या साच्यातला पुरुष असावं लागतं.

भारतीय शरीरांचं आपलं मापपत्रक असावं म्हणून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने ‘इंडियासाइझ’ हे काम हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची मापं स्कॅनर यंत्राने घ्यायची अशी ती योजना. परदेशी मापांत डागडुजी करून चाललेल्या बाजाराला त्याची गरज होतीच, आणि माझ्या मते ते फार आधी व्हायला हवं होतं. पण मापपत्रकं शेवटी दोनच निघतात, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं. सोळा खांदा आणि सेहेचाळीस छाती असलेला पुरुष त्या दोन्ही कागदांच्या मध्ये उभा असतो.

काकूंचं टेबल

त्याला कपडे शिवून देणाऱ्या काकूंचा गाळा डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. कापायचं टेबल, दोन मशिनं, पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग, भिंतीला टांगलेले कागदी साचे. काकू ब्लाउज शिवतात ते आईकडून शिकलेलं. शर्ट-पँट सासऱ्यांकडून, कारण त्यांचं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान होतं. एरवी ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांची. जेन्ट्स टेलरला कॉलर आणि बटणपट्टी उत्तम येते, पण भरलेल्या छातीवर कापड कसं वळवायचं ते त्याला कधी करावं लागलेलं नसतं. लेडीज टेलरला छाती कळते, शर्टाची कॉलर जमत नाही. मला भेटलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडली होती. दोन्ही हात एकाच माणसाला असणारा शिंपी सापडला की त्याचा नंबर ते एकमेकांना जपून देतात.

माप घ्यायची काकूंची रीत मी टेबलाशी उभी राहून पाहिली. खांदा, बाही, उंची त्या स्वतः घेतात. छातीची वेळ आली की टेप त्याच्या हातात देतात. तो पाठीमागून टेप पुढे आणतो, चिमटीत धरतो, आणि काकू लांबूनच आकडा वाचून वहीत लिहितात. वहीत वर फक्त नाव आहे, त्याने सांगितलेलं. हे असं करायला त्यांना कोणी शिकवलेलं नाही. पहिल्यांदा माप घेताना तो श्वास रोखून, डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा त्यांनी टेप खाली ठेवली होती, एवढंच त्या सांगतात.

“टक्स नकोतच ना तुला?”

“नको काकू. टक्स घातले की सगळं पुढे येतं.”

“येतं रे. पण टक्स न घालता नुसतं मोठं कापलं तर तंबू होईल. मग लोक तंबूकडे बघतील.”

मग त्यांनी खडूने कापडावर काढून दाखवलं. शर्टाला पाठीवर खांद्याखाली आडवी पट्टी असते, तशी त्या पुढच्या बाजूलाही घेतात. टक्समध्ये जाणारं जादा कापड त्या पट्टीच्या शिवणीत जिरवतात. छातीला जागा मिळते आणि टक्सची टोकं दिसत नाहीत. बटणांचं अंतर सगळीकडे सारखं ठेवायचं नाही; एक बटण बरोबर छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी यायला हवं, म्हणजे तिथे फट पडत नाही. वरच्या-खालच्या बटणांमध्ये आतून टिचबटण. दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे. नितंबाशी शिवण न घालता कुर्त्यासारखे कट. खांदा मात्र त्याचा स्वतःचा, सोळाच.

कापड त्याने आणलं होतं, निळ्या-करड्या चौकडीचं. काकूंनी नाक मुरडलं. भरल्या छातीवर चौकडीची रेष वाकते आणि जे लपवायचं तेच दिसतं, म्हणून त्या नेहमी साधं, जरा जाड सुती कापड आणायला सांगतात. तो म्हणाला, बाबा चौकडीचेच शर्ट घालतात. काकू थोडा वेळ कापड उलटंपालटं करत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढची पट्टी उरेबात कापते. चौकडी तिथे तशीही मोडेल, खालची रेष वाकलेली कोणाच्या लक्षात यायची नाही.”

शर्ट मी अंगावर पाहिला. खांदा खांद्यावर होता. पुरुषाच्या अंगावर शर्ट बसतो तसा बसला होता. एका जाड, बुटक्या तरुणाचा चांगला शिवलेला शर्ट. तो सडपातळ दिसत नव्हता, आणि तसं दिसावं असं त्याचं मागणंही नव्हतं. दुकानदार, नातेवाईक, कधी कधी मित्रसुद्धा धरून चालतात की जाड माणसाला कपड्यांकडून फक्त लपायची सोय हवी असते. मला जे भेटले त्यांना दिसायचं होतं, पण स्वतःसारखं.

घाम आणि बरगड्या

छाती सपाट करायला वापरतात तो बाइंडर, म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचा अर्धा बनियन. ऑनलाइन मिळतो. मोठ्या मापात महाग पडतो किंवा मिळतच नाही, आणि घरी पार्सल उघडलं जाण्याची भीती असतेच. मग एक माप लहान घेतलं जातं, नाहीतर औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज गुंडाळलं जातं.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात असं बँडेज कपाटात दडवलेलं असेल. क्रेप बँडेज श्वासागणिक घट्ट होत जातं, ढिलं होत नाही. ते किंवा चिकटपट्टी छातीला कधीही गुंडाळू नये. चांगला, मापाचा बाइंडरही दिवसाला साधारण आठ तासांच्या वर नको, झोपताना नको, व्यायाम करताना नको. दम लागला, बरगडी दुखली, हाताला मुंग्या आल्या, तर तो लगेच काढायचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाइंडिंग करणाऱ्या १,८०० लोकांना विचारलं होतं. त्यातल्या ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी काही ना काही त्रास नोंदवला. छाती मोठी असणाऱ्यांत कातडीचे त्रास जास्त होते. मुंबईच्या दमट हवेत, सकाळच्या कर्जत लोकलमध्ये, त्या आकड्याचा अर्थ छातीखालच्या घडीत उठलेलं लाल चट्ट्यांचं पुरळ एवढा असतो. डोंबिवलीचा तरुण आता कामावर बाइंडर घालत नाही. चट्टे वाढल्यावर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायला गेला, तर डॉक्टरांनी आधी वजन कमी करून यायला सांगितलं. मलम पुढच्या खेपेला मिळालं.

वजनाचं हे फाटक पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी पुन्हा आडवं येतं. छाती सपाट करण्याची, म्हणजे ‘वरची’ शस्त्रक्रिया करणारे बरेच सर्जन उंची-वजनाच्या गुणोत्तराची, बीएमआयची, मर्यादा घालतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन ठरवलेल्या निकषांनुसार २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. भूल देताना जाड शरीराला धोका अधिक असतो हे खरं, आणि सर्जनांनी काळजी घेऊ नये असं कोण म्हणेल? पण टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर वजन वाढू शकतं. शिवाय जिमच्या चेंजिंग रूममध्ये कुठल्या दारातून जायचं हा प्रश्न असतो, आणि छातीला बाइंडर बांधून धावता येत नाही. “वजन कमी करून या” हे वाक्य म्हणूनच या लोकांना इतरांपेक्षा कितीतरी लांबचा रस्ता दाखवतं, आणि सांगणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

बेचाळीस ए

तुळशीबागेत ज्यांच्याबरोबर गेले त्या पुण्यातल्या एका खासगी कचेरीत हिशेब सांभाळतात. चाळिशीच्या आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोनेक वर्षं हार्मोन्स घेतायत. त्यांच्या छातीचा घेर बेचाळीस, पण वाढ अजून अगदी थोडी. म्हणजे ब्रा लागते ४२ ए. दुकानातल्या मुलीने ‘ताई’ म्हणून बसवलं, खोकी काढली, मनापासून शोधलं. ४२ मध्ये सी होती, डी होती. ए नव्हतीच. बाजाराचा हिशेब असा की घेर वाढला की कपही वाढणारच. ट्रान्सस्त्रीच्या रुंद बरगड्या या हिशेबात नाहीत. गंमत म्हणजे वयात आलेल्या कितीतरी जाड मुलींचीही तीच अडचण असते, असं त्या विक्रेतीनेच सांगितलं. शेवटी ३८ बी आणि मागे जोडायची तीन हुकांची पट्टी घेतली. खांद्याचे पट्टे त्यामुळे मध्येच ओढले जातात, पण चालतं.

साडीला मात्र माप नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका तृतीयपंथी गुरूंनी मला हे एका वाक्यात सांगितलं: “साडी सगळ्यांना पुरते, अडतं ते ब्लाउजला.” परकराला नाडी असते, निऱ्या कमीजास्त करता येतात. यल्लम्माच्या जोगत्यांपासून हिजडा घराण्यांपर्यंत पिढ्यान् पिढ्या साडी चालत आली त्यामागे श्रद्धा आणि परंपरा आहेच, पण तिने कुठलंही अंग परत पाठवलं नाही हेही आहे. ब्लाउजला खांदा लागतो, मुंढा लागतो. रुंद खांद्यावर शिवण अर्धा इंच आत घ्यायची, बाहीला चुण्या घालायच्या नाहीत, कटोरीऐवजी प्रिन्सेस कट घ्यायचा, हे पुण्यातल्या ताईंच्या टेलरने चुकतमाकत शोधलं. हार्मोन्सनी शरीर दोन-तीन वर्षं बदलत राहतं. म्हणून तो दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया ठेवतो आणि दर काही महिन्यांनी उसवून देतो.

हार्मोन्सनी हाडं बदलत नाहीत. बांगडी मनगटावर बसते, पण जायची असते पंजातून, अंगठ्याच्या हाडावरून. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी बांगड्यांची मापं, म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे इतके सोळावे भाग. कासाराकडे दोन-दहा मिळते. ताईंना दोन-बारा लागते. भाचीच्या लग्नात घरातल्या बायकांनी बांगड्या भरायच्या होत्या आणि बहिणीने पहिल्यांदाच त्यांना त्या रांगेत बसवलं. कासाराने हात दाबून पाहिला आणि मान हलवली. बहीण म्हणाली, “मग हिच्यासाठी मागवा. आम्ही थांबतो.” लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या आल्या. त्यातल्या दोन भरतानाच फुटल्या. ताईंच्या अंगठ्याजवळ त्याची बारीक खूण अजून आहे.

चपलांचं सांगण्यासारखं फार नाही. बायकांच्या चपला आठ नंबरला संपतात आणि ताई दहा नंबरच्या पुरुषी कोल्हापुरी घालतात.

आपल्या डोळ्यांना सवय कशाची

भरलेल्या अंगाचा पुरुष शालू नेसून उभा राहिला आणि उभा महाराष्ट्र त्याच्या रूपावर लुब्ध झाला, हे आपल्याकडे घडून गेलंय. बालगंधर्वांच्या साड्या, दागिने, गजरे यांची नक्कल घरंदाज बायका करत. पुढे वय आणि अंग वाढल्यावरही ते स्त्रीभूमिका करत राहिले. त्यांच्यावर आजचं कुठलंही लेबल लावणं चूक ठरेल. सांगायचं ते प्रेक्षकांबद्दल आहे: नेसवणारा आणि शिवणारा जाणकार असेल तर आपली नजर ते अंग स्वीकारू शकते. दुसरीकडे आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ चित्रपट. त्यातल्या पैलवान गुणाला नाच्या होण्यासाठी कमावलेलं अंग उतरवावं लागतं. भूमिकेसाठी अतुल कुलकर्णींनी वजन आधी वाढवलं आणि मग उतरवलं, याचं केवढं कौतुक झालं. बाईपण यायचं तर अंग घटलं पाहिजे, ही समजूत आजच्या डोळ्यांत जास्त पक्की आहे.

फॅशनच्या दुनियेत दारं उघडली, पण वेगवेगळी. २०१६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साइझ मॉडेल्सचा शो झाला. २०१७ मध्ये त्याच मंचावर नेपाळच्या अंजली लामा या ट्रान्स मॉडेल आल्या, उंच आणि सडपातळ. जाड आणि ट्रान्स अशा एकाच शरीराला तिथे कुठून शिरायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

क्विअर समाजाच्या आतही हीच नजर आहे, आणि ती जास्त लागते. ठाण्याचा एक गे तरुण, बोलण्या-चालण्यात बायकी आणि वजनाने शंभरच्या वर. ओळखी करून देणाऱ्या ॲपवर ‘जाड नको, बायकी नको’ ही दोन वाक्यं त्याने इतक्यांदा वाचलीत की आता तो स्वतःचा फोटो गळ्यापर्यंतच टाकतो. जाड, केसाळ, मर्दानी पुरुषांना गे वर्तुळात एक जागा आहे. त्यात तो बसत नाही. प्राइड मार्चला निघताना एका गटाने छापलेले टी-शर्ट वाटले, त्याच्या मापाचा नव्हता. तो आपल्या काळ्या कुर्त्यावर आईची जरीची ओढणी घेऊन चालला. फोटोत तोच सगळ्यात छान दिसतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही.

लेडीज सेट, जेन्ट्स सेट

१५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने माणसाचं लिंगभाव व्यक्त करणं, त्यात पेहरावही आला, हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानलं. काय घालायचं याचा हक्क तेव्हापासून कागदावर आहे. तो अंगावर यायला कापड लागतं, आणि कापड कुणीतरी कापावं लागतं.

ठाण्यातल्या एका कार्यालयी इमारतीत हाउसकीपिंगचं काम करणारी एक ट्रान्सस्त्री मला भेटली. नोकरीवर घेताना कंत्राटदाराने तिच्या नावाबद्दल, स्वच्छतागृहाबद्दल काही अडवलं नव्हतं. अडलं युनिफॉर्मला. लेडीज सेट, म्हणजे कुर्ता आणि सलवार, एक्सएलपर्यंतच येतो. जेन्ट्स सेट थ्री एक्सएलपर्यंत. स्टोअरवाल्याने यादी पाहिली आणि तिच्या हातात शर्ट-पँट दिली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, असं ती आवर्जून सांगते. पण त्या शर्टात ती रोज सकाळी इमारतीत शिरली की सुरक्षा तपासणीची बाई तिला पुरुषांच्या रांगेकडे हात दाखवायची. रोज ओळखपत्र काढायचं, रोज तेच बोलायचं, मागे रांग खोळंबलेली. माप मोठं, म्हणून तिची रांग बदलली होती.

तिने सुपरवायझरकडे कुर्त्याचं कापड मागितलं, बाहेरून शिवून घेते म्हणाली. कापड मिळालं, एका सेटपुरतं. तिला सव्वातीन मीटर लागतं, ते अडीच मीटर निघालं. उरलेलं तिने तशाच रंगाचं बाजारातून घेतलं. जवळून पाहिलं तर बाह्यांची निळी छटा जरा वेगळी आहे. शिलाई तिच्या पगारातून गेली.

मग तिने पाहिलं की तिच्याच पाळीतल्या चार बायकाही जेन्ट्स शर्ट घालून काम करतात. तीन लेकरांची आई असलेली एक, थायरॉइड असलेली एक, अशा. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कारण आपण जाड आहोत तर असंच मिळणार असं त्या धरून चालल्या होत्या. तिने अर्ज लिहिला: लेडीज सेट फोर एक्सएलपर्यंत मागवावा, आणि ज्यांना तोही बसत नाही त्यांना पूर्ण कापड व शिलाईचे पैसे द्यावेत. चौघींनी सह्या केल्या. नवा माल दिवाळीनंतर येणार आहे, तेव्हा बघू, असं उत्तर सध्या मिळालंय. सही करताना त्यांतल्या एकीने विचारलं, “कुर्त्याला खिसे मागितलेस का गं? शर्टाला होते ते.” तिने मागितले नव्हते. अर्जाच्या तळाशी पेनने ती ओळ वाढवून मगच तो ऑफिसात गेला.